विदर्भाची सून

तुळशीचे लग्न लागले, की आमच्या कळंबात सोयरिकींचा हंगाम सुरू होतो. यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जायचे, कुंडाचे पाणी डोळ्यांना लावायचे आणि मगच पत्रिका, फोटो, पाहुणे यांच्या मागे लागायचे, अशी इथल्या पुष्कळ घरांची रीत. तुमच्या गावी देव वेगळा असेल, बाकी सारे हेच असणार.

अशा एखाद्या बैठकीत तुम्ही चहा-पोह्यांच्या बश्या नेऊन ठेवल्या असतील आणि मग दाराआड उभे राहून बोलणी ऐकली असतील. (ऐकली नसतील असे म्हणू नका!) बोलणी कधी सरळ होत नाहीत. मध्ये एक मध्यस्थ असतो. मुलीकडचे आपले म्हणणे त्याच्या तोंडून मांडतात. मुलाकडचे “विचार करून कळवतो” म्हणतात, आणि त्या कळवण्याचा अर्थ दोन्हीकडच्या बायकांना तिथल्या तिथे उमगतो. मान आधी कोणाच्या मामाचा, कोणत्या काकांशी बोलणे बंद आहे, कोणाच्या शेताला कोणाचा बांध लागतो, हे सगळे तोलूनमापून शेवटी याद्या होतात. आणि ज्या मुलीच्या नावाने एवढा तह होतो, ती आत मोगऱ्याचा गजरा सावरत बसलेली असते.

‘तह’ हा शब्द मी गमतीने वापरला नाही. राज्याराज्यांतले संबंध म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते सुटाबुटातले मंत्री, लांबलचक टेबल आणि त्यावरचे छोटे झेंडे. आंतरराष्ट्रीय राजकारणाची पुस्तके युरोपातल्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून गोष्ट सुरू करतात, जणू त्याआधी जगात कोणाला शेजारीच नव्हते. शेजारी होते, भांडणे होती, तह होते, वकील होते. आणि आपल्याकडे या सगळ्याचा मोठा भाग सोयरिकीतून चालत असे. त्यातली एक सोयरीक आपल्या विदर्भातली आहे. कळंबहून नागपूरला जाताना आपली एस.टी. ज्या मुलखातून जाते, त्याच मुलखावर त्या सोयरिकीने आलेल्या सुनेने कमीतकमी तेरा वर्षे राज्य चालवले. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. तिची गोष्ट सांगण्याआधी मात्र आपल्या जुन्या शास्त्राकडे थोडे पाहू.

चाणक्याचा हिशेब

कौटिल्याचे अर्थशास्त्र आपण नावाने सगळे ओळखतो. कित्येक शतके ते हरवल्यातच जमा होते. म्हैसूरच्या रा. शामशास्त्री यांना त्याची पोथी मिळाली आणि १९०९ साली ते छापून निघाले. पुढे मुंबईचे प्रा. र. पं. कंगले यांनी वर्षानुवर्षे खपून त्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली, आणि ती आज जगभर प्रमाण मानतात. एका मराठी प्राध्यापकाच्या चिकाटीचे हे काम आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्यात परराज्यांशी वागण्याचे सहा मार्ग दिले आहेत. संधी म्हणजे तह. विग्रह म्हणजे भांडण. आसन म्हणजे गप्प बसून वाट पाहणे. यान म्हणजे चाल करून जाणे. संश्रय म्हणजे बलवानाचा आसरा घेणे. आणि द्वैधीभाव म्हणजे एकाशी गोडीगुलाबी ठेवून दुसऱ्याशी लढणे. एकत्र कुटुंबात दहा वर्षे काढलेल्या बाईला यातला कोणता मार्ग नवा आहे? ‘आसन’ तर आपल्यापैकी कित्येकींनी स्वयंपाकघरात बसून वर्षानुवर्षे केले आहे.

कौटिल्याचे राजमंडळही असेच घरगुती. ज्याची हद्द आपल्या हद्दीला भिडते तो स्वभावतः शत्रू, आणि त्याच्या पलीकडचा तो आपला मित्र. बांधाला बांध लागला की कुरबुर होणार आणि दोन शेते सोडून पलीकडचा गडी आपल्याशी हसून बोलणार, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला शिकवावे लागत नाही. दूतांचेही त्याने तीन प्रकार केले. नुसता निरोप पोचवणारा, ठरवून दिलेल्या मर्यादेत बोलणारा, आणि सर्वाधिकार घेऊन गेलेला. या तिसऱ्याला तो ‘निसृष्टार्थ’ म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जे सांगते ते कडू आहे. तह पाळला जाईल याची हमी म्हणून आपले माणूस दुसऱ्याच्या ताब्यात ठेवण्याची पद्धत होती. अशा वेळी मुलगा द्यावा की मुलगी, असा प्रश्न कौटिल्य सातव्या अधिकरणात उभा करतो आणि थंडपणे उत्तर देतो: मुलगी देणारा फायद्यात राहतो. कारण मुलगी वारस नसते, ती शेवटी दुसऱ्याच्याच घरी जायची असते. म्हणजे हमीही दिली आणि घरातून काही गेलेही नाही! मोठ्या बुद्धीच्या माणसाचा हा हिशेब वाचून मला राग आला, खोटे कशाला सांगू. ‘परक्याचे धन’ हा शब्दप्रयोग आपण ऐकत वाढलो, त्याची मुळे कुठवर गेली आहेत ते यावरून कळते.

पण हा झाला पोथीतला हिशेब. प्रत्यक्ष व्यवहारात तो किती खरा ठरला, ते विदर्भाच्या मातीत सापडलेल्या ताम्रपटांना विचारायला हवे.

लेकींचा प्रदेश

विदर्भाची पुराणातली कीर्ती आहे ती लेकींमुळे. कौंडिण्यपूरची रुक्मिणी, नळाची दमयंती, अजाची इंदुमती, अगस्त्याची लोपामुद्रा या साऱ्या विदर्भकन्या. ‘वऱ्हाड’ या एकाच शब्दाने आपण लग्नाची मंडळीही ओळखतो आणि मुलूखही, आणि त्यावरून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आजीच्या तोंडून तुम्ही ऐकल्याच असतील. या लेकी सगळ्या बाहेर गेल्या. प्रभावती बाहेरून आली. ती इथली लेक नव्हे, सून.

ती आली वाकाटकांच्या घरी. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याला विंध्यशक्तीने हे घराणे उभे केले आणि त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध करून ‘सम्राट’ ही पदवी लावली. त्याच्यानंतर भाऊबंदांत वाटण्या झाल्या. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला राहिली. दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे आपल्या वाशीमला. अजिंठ्याची सुंदर लेणी कोरवली ती या वाशीमकरांच्या राज्यात. आपला यवतमाळचा टापू साधारण या दोन भावकीच्या मध्ये येतो.

या काळच्या राजांची एक गोष्ट मला फार आवडली. ते आपल्या लेखांत बापाचे नाव सांगतात तसे आजोळही सांगतात. प्रवरसेनाच्या मुलाला भवनाग या नागवंशी राजाची मुलगी दिली होती. तिच्या पोटी झालेल्या पहिल्या रुद्रसेनाची ओळख वाकाटकांचे ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या ‘भवनागाचा दौहित्र’ म्हणून करून देतात. तिकडे उत्तरेत गुप्तांचेही तेच. समुद्रगुप्त आपल्याला लिच्छवींचा दौहित्र म्हणवतो. त्याची आई कुमारदेवी लिच्छवींची, आणि तिचे व तिचा पती पहिला चंद्रगुप्त यांचे चित्र एकाच सोन्याच्या नाण्यावर शेजारी शेजारी उभे आहे. आजोळ ही तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत जाण्याची जागा नव्हती. ते राज्याचे भांडवल होते, आणि ते घरात आणणारी होती सून.

याच समुद्रगुप्ताने आपल्या पराक्रमाची यादी प्रयागच्या स्तंभावर कोरवून घेतली. ती हरिषेण या त्याच्या अधिकाऱ्याने रचली. परराज्यांशी किती तऱ्हांनी वागता येते याचा तो एक नकाशाच आहे. उत्तरेतले राजे मुळासकट उपटले. दक्षिणेतले बारा राजे पकडले आणि सोडून दिले. सीमेवरच्यांकडून कर आणि मुजरा घेतला. आणि शक, सिंहल वगैरे दूरच्यांनी काय केले? ते स्वतः सेवेला हजर झाले, आपले मुलूख आपल्याकडेच राहावेत म्हणून त्यांनी गरुडमुद्रेची सनद मागितली आणि कन्या नजर केल्या. ‘कन्योपायनदान’ असा सरळ शब्दच तिथे आहे. उपायन म्हणजे नजराणा. हत्ती, मोती आणि मुली.

तर गुप्तांच्या घरची रीत अशी, की दुबळा आपली मुलगी देतो आणि बलवान ती घेतो. मग समुद्रगुप्ताच्याच मुलाने, दुसऱ्या चंद्रगुप्ताने, आपली मुलगी विदर्भात का दिली?

कारण उघड आहे. त्याला माळवा-गुजरातच्या शकांशी लढायचे होते. शकांच्या दक्षिण-पूर्वेला वाकाटक बसलेले. पाटलीपुत्राहून निघालेल्या फौजेला हे शेजारी साथ देतील तर काम सोपे, आणि पाठीत घाव घालतील तर सगळे मुसळ केरात. व्हिन्सेंट स्मिथ या इंग्रज इतिहासकाराने शंभरावर वर्षांपूर्वी हा मुद्दा मांडला आणि तो अजून टिकून आहे. शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हे कौटिल्याचे गणित इथे चोख बसते. चौथ्या शतकाच्या अखेरीला प्रभावतीचे लग्न वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाशी झाले, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला शकांचे राज्य संपले.

सम्राटाच्या मुलीने मांडलिकासारख्या घरी येण्यात मानपानाचा पेच होताच. लेखांत तो अजून दिसतो. तिच्या वडिलांना ‘महाराजाधिराज’ म्हटले आहे, नवऱ्याला नुसते ‘महाराज’. श्रीमंत माहेरच्या सुनेला सासरी कसे वागावे लागते, हे आपल्यापैकी काहींना सांगायला नको.

युवराजाची आई

रुद्रसेन लवकर गेला. पदरी लहान मुले. थोरला दिवाकरसेन युवराज झाला, पण गादी चालवण्याचे त्याचे वय नव्हते. आणि अशा वेळी कारभार हाती घेतला तो प्रभावतीने. दिरांनी नव्हे, वाशीमच्या भावकीनेही नव्हे.

हे आपल्याला कळते ते एका ताम्रपटावरून. पुण्यातल्या एका तांबटाच्या घरात हे पत्रे कुटुंबाचा ठेवा म्हणून जपलेले होते, आणि ते घराणे मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. कोणीतरी पूर्वजाने ते वितळवून त्याचे पातेले केले नाही, हे आपले नशीब! का. बा. पाठक यांनी १९१२ साली तो लेख प्रसिद्ध केला. प्रभावतीच्या कारभाराचे ते तेरावे वर्ष. नंदिवर्धनाहून हुकूम निघाला आहे आणि तिथी आहे कार्तिक शुद्ध द्वादशी. एकादशीचा उपास सोडण्याचा दिवस, आणि आपल्याकडे तुळशीची लग्ने लागू लागतात तोच. चनालस्वामी नावाच्या आचार्यांना तिने दंगुण हे गाव दान दिले. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते दंगुण म्हणजे हिंगणघाट. कळंबच्या बायकांना हिंगणघाट म्हणजे आपल्याच अंगणातले.

आता त्या पत्र्यावर काय लिहिले आहे ते पाहा. राजाचा लेख म्हणजे सुरुवातीला राजाची वंशावळ. वाकाटकांच्या राज्यातून वाकाटकांच्या युवराजाच्या वतीने निघालेल्या लेखात वंशावळ वाकाटकांची हवी. ती नाही. सुरुवात होते गुप्तांपासून. खापरपणजोबा घटोत्कच, आजे समुद्रगुप्त, वडील चंद्रगुप्त, आणि मग ती. अक्षरांचे वळणसुद्धा वेगळे आहे. वाकाटकांची अक्षरे डोक्यावर चौकोनी पेटी असलेली, आणि हिच्या लेखातली खिळ्याच्या माथ्याची. आईचे नाव आहे, कुबेरनागा, तेही ‘नागकुळातली’ असे सांगून. गोत्रही तिने माहेरचे लावले आहे, धारण. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध, पण ते तिने आपल्याला लावलेले नाही.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. माहेरचे आडनाव, गोत्र, कित्येकदा हाक मारायचे नावही त्या तांदळात राहून जाते. आमच्या ओळखीतल्या एका नव्या सुनेला दोन्ही आडनावे ठेवायची होती, तर अर्जातल्या चौकटीत ती मावेनात आणि पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “बाई, एक काहीतरी ठरवून या.” प्रभावतीने सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर लिहवून घेताना एक काहीतरी ठरवले नाही. तिने स्वतःला जे विशेषण लावले आहे ते असे: उभयकुलालंकारभूता. दोन्ही कुळांचे भूषण असलेली.

या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. कौटिल्याच्या हिशेबात मुलगी दिली की देणाऱ्याच्या खात्यातून ती वजा होते आणि घेणाऱ्याच्याही वारसांत धरली जात नाही. इथे ती दोन्ही खात्यांवर जमा आहे. तिला सासरी गादीमागे बसण्याचा अधिकार मिळाला तो युवराजाची आई म्हणून. तिच्या मोहोरेवरही तेच आहे. हा हुकूम युवराजाच्या जननीचा आहे, शत्रूंना जरब बसवणारा आहे, असे ती मोहोर सांगते. पण तो अधिकार कोणी हिसकावू धजला नाही, तो बहुधा पाटलीपुत्रात तिचे वडील बसले होते म्हणून. एका पायावर उभे राहणे तिला परवडणारे नव्हते. मघाचा तो ‘निसृष्टार्थ’ आठवा. सर्वाधिकार घेऊन गेलेला दूत. प्रभावतीला कोणी दूत म्हणून नेमले नव्हते, तिची नुसती पाठवणी झाली होती. पण दोन राज्यांमधला तह पुढे इतकी वर्षे टिकला तो या एका बाईच्या अंगावर.

काही इतिहासकार म्हणतात, की खरे राज्य चंद्रगुप्ताच्या माणसांनीच चालवले आणि विदर्भ तेव्हा गुप्तांच्या ताटाखालचे मांजर होते. असेल थोडे तसे. माहेरचे कारभारी आले असतील, लेखनिक तर तिकडच्या वळणाचा दिसतोच. पण सुनेने घर नीट चालवले, की “माहेरचा पाठिंबा होता” म्हणायचे आणि बिघडवले की मात्र दोष तिचा, ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. तेरा वर्षे दोन भावकींच्या मध्ये, नाबालिग मुलांसह, राज्याचा एकही तुकडा न गमावता काढणे हे नुसत्या पाठिंब्याने होत नाही, असे माझे मत आहे.

देव्हाऱ्याचा मामला तर अगदी घरगुती. वाकाटक शिवाचे भक्त, गुप्त विष्णूचे. रुद्रसेनाचे आजे-वडील महाभैरव, महेश्वर यांची नावे घेतात, आणि लग्नानंतरचा रुद्रसेन मात्र म्हणतो, की आपले वैभव चक्रपाणीच्या कृपेचे. सून आली आणि देव्हाऱ्यात तिचा देव आला! गंमत पुढे आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर बसला आणि पुन्हा शंभूचा भक्त झाला. आईचा देव रामगिरीवर, म्हणजे रामटेकला, आपल्या जागी राहिला.

थोरला दिवाकरसेन राजा म्हणून पुढे कुठे दिसत नाही. बहुधा तोही अकाली गेला असावा. एका आईने काय सोसले असेल ते ताम्रपट सांगत नसतात. दामोदरसेन, प्रवरसेन यांची नावे पुढच्या लेखात येतात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला हा दुसरा ताम्रपट प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षाचा, रामगिरीच्या देवाच्या पायांपाशी दिलेला. तिथेही वंशावळ गुप्तांचीच आहे. मुलगा पक्का राजा झाला, म्हातारपण आले, तरी तिने ओळ बदलली नाही. शंभर वर्षांचे आयुष्य आणि मुले-नातवंडे असा एक लांब शब्द त्यात आहे. ती स्वतः शंभरी ओलांडून जगली असा अर्थ काहींनी काढला. मला तो ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती’च्या जातीचा शब्द वाटतो.

नगरधनच्या पांढरीत २०१५ ते २०१८ या काळात राज्याचे पुरातत्त्व खाते आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी खोदकाम केले. तिथे एक भाजल्या मातीचा मोहोरेचा ठसा मिळाला. लांबी साडेतीन सेंटिमीटर, वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. त्यावर ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीचे नाव आणि वर शंख. आपल्या कुंकवाच्या करंड्यात मावेल एवढी वस्तू.

इतर लेकी

सगळ्यांचे नशीब प्रभावतीसारखे नव्हते. चीनच्या सम्राटांनी उत्तरेच्या घोडेस्वार टोळ्यांना शांत ठेवण्यासाठी मुली देण्याचा रिवाजच पाडला होता. बहुतेक वेळा खरी राजकन्या घरात ठेवून दुसरीच मुलगी पाठवत. इसवी सनापूर्वी ३३ साली वांग झाओजुन ही राजवाड्यातली एक स्त्री अशीच गेली. नवरा वारल्यावर तिने परत येण्याची परवानगी मागितली, तर तिकडची रीत पाळ असे उत्तर आले, आणि रीत अशी होती की तिने सावत्र मुलाची बायको व्हावे. ६४१ साली तिबेटात दिलेल्या वेनचेंगला मात्र तिथले लोक अजून देवीसारखे मानतात. इजिप्तच्या राजांचा तर तोराच वेगळा होता. इतर राजांच्या मुली ते खुशाल करून घेत. पण बाबिलोनच्या राजाने मुलगी मागितली तेव्हा, इजिप्तची मुलगी आजवर कोणाला दिलेली नाही, असे त्याला ऐकावे लागले. सव्वातीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही पत्रापत्री मातीच्या विटांवर लिहिलेली सापडली आहे. आमची मुलगी तुमच्या घरी शोभायची नाही, हे वाक्य इतके जुने आहे!

आपल्याकडे दक्षिणेतल्या कदंबांना मात्र मुली देण्यात कमीपणा वाटत नसे. कर्नाटकातल्या तालगुंद्याच्या लेखात काकुस्थवर्मा राजाने गुप्त आणि इतर राजघराण्यांत लेकी दिल्याची प्रौढी आहे. प्रभावतीचा नातू नरेंद्रसेन याची बायको अज्झितभट्टारिका हीही कुंतलाची, म्हणजे तिकडचीच. एका पिढीत विदर्भाचे तोंड उत्तरेकडे होते, पुढच्या पिढीत ते दक्षिणेकडे वळले. कोणत्या लढाईने नव्हे, सुनेने.

कळंबपुरते सांगायचे तर ‘दोन्हीकडचे’ असणे आमच्या गावाने दुसऱ्या तऱ्हेने भोगले आहे. अकबराच्या काळच्या ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार म्हणून कळंबचे नाव आहे. पुढे अठराव्या शतकात वऱ्हाडात आली दोअमली. निजामाचाही अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचाही. वसुलाचे वाटे ठरलेले, आणि दोघांचीही माणसे दारात. देवगावच्या तहाने १८०३ साली भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, आणि हा प्रकार संपला. आजच्या नकाशात हद्द म्हणजे एक रेघ असते. तेव्हा ती रेघ नव्हती. एकच रयत दोन धन्यांची असू शकत होती, एकच बाई दोन कुळांची. फरक इतकाच, की रयतेला दोन्हीकडे द्यावेच लागे, आणि प्रभावतीने दोन्हीकडून घेतलेही.

तिच्या लेकीची गोष्ट सांगायची राहिलीच. रामटेकच्या गडावर केवल-नरसिंहाचे देऊळ आहे. त्याच्या भिंतीत एक शिलालेख आहे, फार झिजलेला. हान्स बेकर आणि हरुनागा आयझॅकसन या दोघा विद्वानांनी १९९३ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांच्या वाचनाप्रमाणे प्रभावतीची ही मुलगी पुन्हा गुप्तांच्याच घरात दिली, घटोत्कचगुप्ताला. तो तिचा मामाच लागत होता. माहेर आणि सासर यांची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. पण तो वारला, आणि भावाने तिला परत माहेरी आणले, तेही बळाने. तिची इच्छा काय होती? राहायचे होते की यायचे होते? गुप्तांकडे राहिली असती तर कोणत्या राजकारणात ओढली गेली असती, म्हणून भावाला घाई झाली? अक्षरे तुटलेली आहेत. एवढे दिसते, की आईच्या वेळी जी सोयरीक राज्याचा आधार झाली, तीच मुलीच्या वेळी ओढाताण झाली.

परत आल्यावर तिने रामगिरीवर आईच्या पुण्यासाठी विष्णूचे देऊळ बांधवले आणि देवाला आईचेच नाव दिले, प्रभावतीस्वामी.

कळंबहून रामटेक एका दिवसात होते. देवळी, वर्धा, पवनार करत नागपूर आणि तिथून रामटेक. वर्धा-कळंब रेल्वेही २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आहे. वाटेतले पवनार म्हणजेच प्रवरसेनाने वसवलेली राजधानी प्रवरपूर, असे मिराशींचे मत होते. नगरधनचा किल्ला रामटेकच्या अलीकडेच लागतो, पण उभा तट पाहून फसू नका, तो भोसल्यांच्या काळचा. प्रभावतीचे गाव आहे ते त्याच्या भोवतालच्या मातीखाली. गडावर मुख्य मंदिरात रांग असते आणि बरोबरच्या मंडळींना खाली उतरण्याची घाई असते. तुम्ही मात्र दहा मिनिटे मागे राहा आणि केवल-नरसिंहाच्या देवळात जा. मूर्ती मोठी आहे, लगेच दिसते. लेख तिथेच भिंतीत आहे, तो शोधावा लागतो.